शकील सरांची रिकामी ओळ

मंडळी, बसून घ्या. पुढे दोन-तीन खुर्च्या मोकळ्या आहेत, दारातल्यांनी आत या. आपल्या या ऑफिसात इतकी माणसं मी एकदाच पाहिली, उद्घाटनाला, आणि तेव्हा पेढे होते. आज सरांच्या घरून नसीमभाभी समोर बसल्या आहेत, त्यांची लेक रुबीना बसली आहे, आणि मला सगळे म्हणाले, आहेर, तुम्ही बोला, तुमचं टेबल सरांच्या समोर होतं. मला बोलता येत नाही. माझी सगळी नोकरी मशीनशी बोलण्यात गेली आणि मशीनसमोर कुणी रडत नाही. तेव्हा अडकलो तर सांभाळून घ्या.

शकील सर गेले. इगतपुरीला जाऊन त्यांना माती देऊन आलो. हाताला अजून ती माती लागल्यासारखी वाटते. तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्यावर सवयीने मी दोन चहा सांगितले. दोन्ही आले. माझा मी घेतला, दुसरा समोरच्या टेबलावर ठेवला, आणि तो थंड होईपर्यंत मला कळलंच नाही की मी काय केलं.

काही पाहुण्यांना सर फक्त शाळेतले सर म्हणून माहीत आहेत. इगतपुरीच्या शाळेत त्यांनी गणित आणि विज्ञान शिकवलं. अर्धं इगतपुरी त्यांच्या हाताखालून गेलं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, आणि आमच्या हेमंत साहेबांना प्रश्न लिहायला शिक्षक हवा होता. तेव्हा शाळांमध्ये नवीन नवीन कॉम्प्युटर आले होते आणि आम्ही त्यांच्यासाठी धड्यांच्या सीडी बनवत होतो. सर सकाळच्या पॅसेंजरने नाशिकरोडला उतरायचे, तिथून बसने इंदिरानगर. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "आहेरभाऊ, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पोरं कुठं चुकतात एवढं कळतं." मी मनात म्हटलं, झालं, आता ह्यांना सगळं शिकवत बसा.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटरवरच्या धड्याच्या शेवटी प्रश्न असतात आणि प्रत्येकाखाली तीन-चार उत्तरं. एकेक प्रश्न हाताने त्या सॉफ्टवेअरमध्ये भरत बसलं तर माणूस म्हातारा होईल. म्हणून सगळे प्रश्न एका साध्या फाईलमध्ये ओळीखाली ओळ लिहायचे. बरोबर उत्तराच्या आधी चांदणीची खूण. चुकीच्या उत्तराखाली एक ओळ, मुलाने ते उत्तर दाबलं तर पडद्यावर जे दिसावं ती. प्रश्न संपला की एक ओळ रिकामी सोडायची. रिकामी ओळ आली की सॉफ्टवेअर समजतं, हा प्रश्न संपला, आता पुढचा. मग ती अख्खी फाईल मी एका दमात आत घ्यायचो. त्याला आम्ही इम्पोर्ट म्हणतो. बटण दाबायचं आणि चहा प्यायचा.

सरांची पहिली फाईल आली. मी बटण दाबलं. चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर पडदाभर लाल अक्षरं. एकही प्रश्न धड नाही. एकाचं डोकं इकडे, पाय तिकडे. उत्तरांना प्रश्न नाहीत, प्रश्नांना उत्तरं नाहीत. फाईल उघडून पाहिली. सरांनी चुकीच्या उत्तरानंतर, ती दाखवायची ओळ लिहिण्याआधी, एक ओळ रिकामी सोडली होती. प्रत्येक ठिकाणी. न चुकता.

मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेलो. माझा आवाज कसा असतो ते इथल्यांना माहीत आहे. म्हटलं, सर, मी काय सांगितलं होतं? रिकामी ओळ फक्त प्रश्न संपल्यावर. ही मधली कशाला?

सर गप्प राहिले. मला वाटलं, वरमले. नंतर कळलं की ते नेहमीच असे थांबतात. चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "अहो, पोरगं चुकलंय. लगेच तोंड उघडायचं का? थोडं थांबायला नको? त्याचं त्यालाच कळेल कदाचित."

म्हटलं, सर, मशीनला थांबणं कळत नाही. ते म्हणाले, "हां, ते तुमच्या मशीनचं झालं." वर्गात ते असंच करायचे. पोरगं फळ्यापाशी चुकलं की ओरडा नाही, "चूक" असा शब्द नाही. नुसते थांबायचे. सगळा वर्ग थांबायचा. मग हळूच विचारायचे, "बरं, तुला असं का वाटलं?" इथं त्यांचे दोन-तीन जुने विद्यार्थी मान हलवताहेत. म्हणजे खरं आहे.

मंडळी, सरांनी त्या रिकाम्या ओळींचा नाद कधीच सोडला नाही. पुढची फाईल आली, त्यातही होत्या. त्यापुढच्या फाईलमध्येही. आणि मी त्या काढून टाकायचं कधी सोडलं नाही. इतकी वर्षं आमचं हेच चाललं. ते घालायचे, मी काढायचो. एकदा वैतागून विचारलं, सर, मी काढणार हे माहीत असताना घालता कशाला? म्हणाले, "तुमच्या मशीनला नको असतील. मला लिहिताना लागतात. तिथं मी पोराचं ऐकतो."

आणि ऐकायचे, यात शंका नाही. नाहीतर असं लिहिता आलं नसतं. सर येण्याआधी आमच्या सगळ्या सीडींमध्ये चुकीच्या उत्तराला एकच वाक्य होतं. "उत्तर चूक. पुन्हा प्रयत्न करा." सर म्हणाले, हे तर रेल्वेच्या घोषणेसारखं झालं, कोण चुकलं, काय चुकलं, कशाचा पत्ता नाही. मग त्यांनी प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली वेगळी ओळ लिहायला घेतली. एक मला पाठ आहे. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? मुलाने दोन पंचमांश दाबलं की पडद्यावर यायचं, "वरचं वर मिळवलंस, खालचं खाली. सुचतं तसं, माझ्या वर्गात निम्म्यांना सुचायचं. पण मला सांग, अर्धी भाकरी तू खाल्लीस, वर आणखी एक तुकडा खाल्लास, मग मिळून अर्ध्याहून कमी कशी झाली?" चंद्राला स्वतःचा उजेड असतो म्हणणाऱ्याला लिहिलं होतं, "त्याच्या उजेडात तू वाट चालतोस, म्हणून तसं वाटणारच. मग अमावस्येला तो उजेड कुठं ठेवून येतो?"

साहेब म्हणायचे, सर, लवकर आटपा, सीडी द्यायची आहे. सर हो म्हणायचे आणि आणखी एक ओळ लिहायचे.

पेठहून भोये सर आले आहेत. त्यांच्या आश्रमशाळेत मी सीडी बसवायला गेलो होतो. ते साक्षीला आहेत, म्हणून मी जास्त काही रचून सांगू शकणार नाही. मुलं एका कॉम्प्युटरवर तिघं-तिघं बसली होती. एक मुलगी एकटीच कोपऱ्यात होती आणि चुकीचंच उत्तर दाबत होती. एक चुकीचं, मग दुसरं चुकीचं, मग तिसरं. सगळ्यात शेवटी बरोबर. पुढच्या प्रश्नालाही तेच. मला वाटलं, हिला काहीच येत नाही. भोये सरांना म्हटलं, हिला जरा समजावा.

तिने ऐकलं. म्हणाली, "मला येतंय. नाय असं नाय."

मग चुकीचं का दाबतेस?

म्हणाली, "बरोबर दाबलं का ते गप पुढं जातं. चुकलं का बोलतं."

मी परत आलो आणि सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. चष्मा काढून पुसला, मग नुसताच हातात धरून बसले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं आणि खिडकीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपलंच चुकलं, आहेरभाऊ. बरोबर आलेल्या पोराशीही कुणीतरी बोलायला पाहिजे." आणि त्या दिवसापासून चांदणीच्या उत्तराखालीही ओळ यायला लागली.

मग त्यांचं आजारपण आलं. ऑफिसात येणं थांबलं. रुबीना पेन ड्राइव्हवर फाईल आणून द्यायची, सर घरून लिहितच होते. शेवटी दवाखान्यात भेटायला गेलो. माणूस एवढासा झाला होता. अशा वेळी जे बोलायचं तेच मी बोललो. म्हटलं, सर, काही होत नाही, पंधरा दिवसांत समोरच्या टेबलावर असाल.

सर गप्प राहिले. मला ते थांबणं ओळखीचं होतं. ते आलं की समोरचा चुकलेला असतो. मी खाली मान घालून बसलो. आणि मग सर म्हणाले, "तसं वाटणारच. मलाही सकाळी सकाळी वाटतं."

एवढंच म्हणाले. माझ्या चुकीच्या उत्तराखालीसुद्धा त्यांनी ओळ लिहिली.

भाभी, रुबीना, तुमच्या घरातला माणूस गेला, त्यापुढे माझं काही मोठं नाही. पण मला सर रोज आठवतात, आणि समोरची खुर्ची बघवत नाही. हे मला सांगायचं होतं. आता जे सांगणार आहे ते शोकसभेत बोलायचं नसतं, असं मला आत येताना दोघांनी बजावलंय. तरी बोलतो. सरांना माझा स्वभाव माहीत होता.

आपण नवीन सॉफ्टवेअर घेतलंय. जुने सगळे धडे त्यात न्यायचे आहेत. पुढच्या आठवड्यात सुरुवात. नवीन सॉफ्टवेअर फाईल झटकन आत घेतं, चांगलं आहे, मला आवडलं. पण त्याच्या इम्पोर्टमध्ये चुकीच्या उत्तरासाठी एकच जागा आहे. अख्ख्या प्रश्नाला मिळून एक वाक्य. बाकीचं ते वाचतच नाही, वाटेत टाकून देतं. म्हणजे अर्ध्या भाकरीची ओळ जाणार. अमावस्येची जाणार. बरोबर उत्तराखालच्या तर सगळ्याच जाणार. आणि पेठच्या त्या मुलीनंतर जी मुलगी त्या खुर्चीत बसेल तिला वाचायला मिळेल, "उत्तर चूक. पुन्हा प्रयत्न करा."

एक रस्ता आहे. आत गेलेल्या प्रत्येक प्रश्नात सरांच्या ओळी हाताने भरायच्या. एकेक चौकट उघडून. मघाशी मीच म्हणालो, माणूस म्हातारा होईल. होऊ दे. मी भरतो. वैशाली म्हणाली, विज्ञान मी घेते. दिनेश म्हणाला, भूमिती माझी. पण त्याला वेळ लागेल, सीडी उशिरा जाईल, आणि ते ठरवणं आमच्या हातात नाही. ते पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या हातात आहे. साहेब, माती आपण इगतपुरीला दिली. सरांचा आवाज अजून इथं आहे, जिन्याशेजारच्या त्या मशीनमध्ये, जुन्या फाईलींत. तो पुसायचा की ठेवायचा, एवढंच विचारतोय.

नाही, साहेब, आत्ता बोलू नका. मान पण हलवू नका. तुम्ही घाईने हो म्हणाल, लोक बघताहेत म्हणून, आणि उद्या हिशोब मांडाल. तसं नको. सर असते तर त्यांनी तुम्हाला आधी थांबू दिलं असतं.

आता आपण सगळे उभे राहू. शोकसभेत उभं राहायची रीत आहे, पण मी तुम्हाला रीत म्हणून सांगत नाही. इतकी वर्षं शकील सरांनी प्रत्येक फाईलमध्ये ती एक ओळ रिकामी ठेवली आणि दर वेळी मी ती पुसली. आज समोर त्यांची फाईल नाही, माझ्याकडे बटण नाही, आणि मला कुठली घाई नाही. दोन मिनिटांची ही रिकामी ओळ तशीच ठेवू. त्यात त्यांचं ऐकू.

उभे राहा, मंडळी.