झोपेची गोळी, खाजेवर

पांडेसऱ्यातल्या कामगार विमा दवाखान्यात गोपालभाईंच्या औषधाच्या खिडकीशी रंभाबाई रांगेत ताटकळल्या होत्या. पुढचं जोडपं हलेना. कापड मिलच्या रंगाने त्यातल्या चिंधाच्या हातांना खाज सुटली होती, आणि बायको कलाबाई सोबत आली होती.

“गोपालभाई, या गोळीने रोलरच्या मशीनवर डुलक्या येतात.”

“काका, डॉक्टरीणबाईंनी हीच लिहिलीय.”

“त्याच म्हणाल्या, झोप न आणणारी गोळी असते, पण विम्याच्या लिस्टमध्ये नाही. म्हणून ही लिहिली.”

“मग मी तरी कुठून देऊ?”

“आणि डुलकीत बोटं रोलरमध्ये गेली तर?”

“ते सगळं विम्यात बसतं. ऑपरेशन, पट्टी, रजासुद्धा.”

“ऐकलंस का, कला? बोटं गेली की खाजही गेली. लिस्टवाला हुशार माणूस आहे.”

“दात काढू नका. चिठ्ठी द्या इकडे.”

“कशाला?”

“डॉक्टरीणबाईंकडून दुसऱ्या गोळीचं नाव लिहून आणते. बाहेरच्या मेडिकलमधून घेऊ.”

“पदरच्या पैशाने? पगारातून विमा कापतात ना माझा.”

“कापू द्या. तुमची बोटं गेली तर, मी सकाळी कामावर गेल्यावर पोरीच्या वेण्या काय गोपालभाई घालणार आहेत?”