पाडव्याची गोळी

आमचं मूळ साताऱ्याकडलं म्हणतात, पण बगितलंय कुणी, खापरपणज्याच्या आधीपासनं आमी इकडंच बेंगळूरला, घरात मराठी, दारात कन्नड, धंदा शिलाईचा, आणि के. आर. पुरमच्या घरात तिघा भावांचा संसार एकत्र, पोरं सगळी एका ताटात जेवायची, एकाच अंथरुणावर झोपायची.

तर माझी सुमी, लहानगी, तिला जंत झाले, ते बारीक पांढरे, दोऱ्यासारखे. काय सांगू तुमाला, पोर निजंना, सारखी खाजवायची, रडायची. सासूबाईंना आमी अव्वा म्हणतो, त्या म्हणाल्या गुळानंच होतंय, बंद कर. गूळ बंद, होळगी, म्हंजे पुरणपोळी, ती बी बंद, झोपायला कोपऱ्यात वेगळी चटई. औषध दिलं की बरं वाटायचं, परत चालू. चुलत भावंडं तिला किडेवाली म्हणायची, माझा जीव तुटायचा हो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अक्का, एकटीला देऊन काय उपयोग, अंडी नखात असतात, चादरीत असतात, सगळ्या घरानं एकाच दिवशी गोळी घ्या, पंधरा दिवसांनी परत घ्या, नखं कापा, अंथरुणं गरम पाण्यात धुवा. घरी सांगितलं तर थोरले दीर म्हणतात, आमाला कसले जंत, आमी काय शेंबडी पोरं हाय? आणि टीव्हीकडं तोंड केलं, केबल नवीनच आलती तवा.

आणि एक दिवस अव्वांनी मला मोरीपाशी ओढलं, हळूच म्हणतात, ए, मला बी खाजतंय गं, कुणाला सांगशील तर बग! अगं बाई, मला हसू आवरंना, पदर तोंडात कोंबला.

मग त्यांनीच डोकं लढवलं. उगादीला, म्हंजे पाडव्याला, इथं बेवु-बेल्ल वाटतात, कडुनिंब आणि गूळ, घरातल्या थोरल्यांच्या हातनं, त्याला न्हाई म्हणायचं नसतं. आदल्या दिवशी सगळ्यांची नखं कापली, अंथरुणं उकळली, आणि सकाळी अव्वा ताट घेऊन उभ्या, कडुनिंब, गूळ, वर गोळी. आधी सोता खाल्ली. दीर म्हणाले, हे काय? अव्वा म्हणाल्या, आ कर. एवढा मिशीवाला माणूस, मुकाट आ केला बगा!

सुमीची पाळी आली. गुळाकडं बगती, माझ्याकडं बगती, हात पुढं करंना. अव्वांनी तिला मांडीवर घेतली, म्हणाल्या, खा माझ्या राणी, गुळाला उगीच बदनाम केलं मी. मला रडू बी आलं, हसू बी आलं.

पंधरा दिवसांनी कसला सण? तर अव्वा कन्नडमधी म्हणाल्या, सरी, म्हंजे बरं, आज परत पाडवा, बसा रांगेत. आणि बसले की सगळे!

आता जेवायच्या आधी साबण, नखं दर आयतवारी, अव्वा सोता तपासतात. आणि सुमी झोपती सगळ्यांच्या मधोमध, कुणाची लाथ हिच्या पोटावर, हिचा हात कुणाच्या तोंडावर, सकाळपर्यंत हलत न्हाई. देव सगळ्यांच्या लेकरांना अशी झोप देवो.