अभिजितचं बोकड

...आन वर तोंड करून इचारतात, की कारभारी देवीच्या देवळापुढची सरळ वाट सोडून वढ्यातून वळसा घालून काहून जातो! अवो, जाईल कसा पुढून? चपला चिखलात रुतून राहिल्या, बाभळीचे काटे मोडून राहिले, तरी माणूस वढ्यातूनच जातो, म्हंजे काही कारण असंल का न्हाई? तुमाला सांगतो, ह्या बाबूसिंगवर जी पाळी आली ती दुश्मनावर येऊ नाही. दुश्मन असता तर घरदार इकून परभणीला निघून गेला असता. बाबूसिंग कुटं जातो? आमच्या तांड्याचा कारभारी त्यो! नायकाच्या खालोखाल त्याचा मान, भांडण कुणाचंबी असो, न्याय करायला ह्योच पुढं. तुमीच सांगा, अशा माणसानं तोंड कुटं लपवावं?

सगळं त्या टीवीपायी झालं. आमचा तांडा नरसीच्या अलीकडं, हिंगोलीहून जीपनं अर्धा घंटा... जीप भरली तर! न भरली तर डायवर तिथंच चहा पिऊन राहतो. हिंगोली नवीन नवीन जिल्हा झाली व्हती त्या टायमाची गोष्ट. तांड्यात पाच-सहा घरी टीवी आले, त्यात एक कारभाऱ्याच्याबी घरी, पत्र्यावर अँटेना लागल्या, आन दुपारच्याला एक शिरेल सुरू झाली. इनामदाराचं घर, चार सुना, भांडणं, रडारड... झालं! बाया भाकरी तव्यावर ठिवून टीवीपुढं. मग काय, कारभारी भडकला. तांड्याची बैठक भरवली आन असा गरजला, 'दुपारच्याला ज्याच्या घरातून त्या शिरेलीचं गाणं ऐकू येईल ना, त्याचा डब्बा म्या सोता उचलून वढ्यात टाकीन! इनामदाराची भांडणं बघून राहिल्या! आपल्या घरात कमी हायत व्हय?' बायांनी ऐकलं बराबर. आवाज बारीक केला, बघायच्या त्या बघतच राहिल्या.

आन नेमका त्याच उन्हाळ्यात बाबूसिंग हळदीच्या गाडीवरून पडला. पाय मोडला. प्लास्टर! दीड महिना बाजेवर. आन बाज कुटं? टीवीच्या खोलीत, कारण घरात खोलीच ती एक. पहिल्या दिशी दुपारी गाणं लागलं तसं ह्यानं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिशी तोंड भिंतीकडं, पण कान इकडं. तिसऱ्या दिशी भिकाबाईला, म्हंजे बायकोला म्हणतो कसा, 'आवाज जरा वाढव... बाहेर म्हैस घाबरून राहिली, एवढं शांत शांत हाय म्हणून!' म्हैस घाबरली म्हणं शांततेला! भिकाबाईनं आवाज वाढवला.

आता त्या शिरेलीत इनामदाराचा धाकटा पोरगा, अभिजित. काय पोरगं हो! गोरंपान, गालाला खळी, आईला औषध सोताच्या हातानं पाजणार, बापानं थोबाडीत मारली तरी संध्याकाळी त्याच बापाचे पाय दाबणार. बाबूसिंग बाजेवरून बघून राहिला आन मनात म्हणून राहिला, पोरगं असावं तर असं! आन त्याचं सोताचं पोरगं, विकास, ईस वर्साचा, बाहेर म्हशीला कडबा टाकून राहिला. त्या दोघा बापलेकांचं बोलणं किती, तर बाप म्हणणार 'मोटर चालू केली का?' आन पोरगा म्हणणार 'केली.' संपलं! धाकटी संगिता, ती तर बापापुढं तेवढंबी बोलत न्हाई. घरच्या लेकरात खळी हाय का न्हाई हे कुण्या बापानं बघितलंय?

प्लास्टर निघालं, पण सवय निघती व्हय? शेतातून दुपारचा घरी येणार. 'बैलाला पाणी पाजायचं राहिलं.' बैल शेतात, पाणी शेतात, आन ह्यो घरी! लाज वाटायची हो त्याला, लई वाटायची. दारातून कुणी डोकावलं की पटकन उठून अँटेनाची वायर हालवायला लागायचा, म्हंजे मानसाला वाटावं दुरुस्ती चालू हाय. कारभारी माणूस, सोता बंदी घातलेली. तोंड कुटं लपवावं?

पुढचं ऐका. पावसाळ्यात विकासला टायफाड झाला. हिंगोलीच्या दवाखान्यात घातला, सलाईन लावली, आन सोबतीला बाप. दुपारचं शिरेलीचं गाणं ह्याच्या कानात वाजायला लागलं का, ह्यो उठायचा. 'विकास, मोंढ्यात हळदीचा भाव बघून येतो.' आन जायचा कुटं? पुनमचंदच्या टीवीच्या दुकानापुढं. काचेमागं सात-आठ टीवी चालू, साऱ्यात अभिजित! तो पुनमचंद वैतागला, म्हणला, 'कारभारी, रोज आते हो, रोज देखते हो, लेते कुछ नहीं!' तर ह्यो म्हणतो, 'भाव बघून राहिलो.' एके दिशी विकासनं हात धरला. म्हणला, 'बा, बस ना जरा. डोकं लई दुखून राहिलं.' ह्यो म्हणला, 'आलोच.' आन गेला.

त्याच दिशी अभिजितची गाडी घाटातून खाली गेली! पट्ट्याच पट्ट्या, तोंड दिसेना, आन डाक्टर चष्मा काढून म्हणला, 'आता सगळं देवाच्या हाती.' झालं! बाबूसिंगला रस्त्यावर रडू फुटलं. तिथून निघाला तो दवाखान्यात गेलाच न्हाई, जीप धरून तडक तांड्यावर, मरियामा याडीच्या, म्हंजे आमच्या देवीआईच्या देवळात. पदरासारखं उपरणं पसरलं आन बोलला, 'याडी, लेकराला डोळे उघडू दे. तुला बोकड देईन.' आता मला सांगा, हिंगोलीत ह्याचं सोताचं लेकरू सलाईनवर, तांड्यात ह्यो देवीपुढं, आन बोकड कुणासाठी बोलला? टीवीतल्या लेकरासाठी!

विकास बरा झाला. डाक्टरनं केला, भिकाबाईच्या पेजेनं केला. इकडं अभिजित दोन महिने पट्टीतच. शेवटी पट्टी सुटायचा दिवस आला, बाबूसिंगनं त्या दिशी वायर हालवायचं सोंगबी सोडलं. डाक्टर पट्टी सोडून राहिला, एक येढा, दोन येढे, दहा येढे... आन आतून निघाला दुसराच मानूस! खळी न्हाई, नाक लांब, कान भाईर आलेले. टीवीत खाली अक्षरं आली, आजपासून अभिजितच्या भूमिकेत अमका तमका. आन ती आई त्याच्या गळ्यात पडून म्हणून राहिली, 'माझा अभिजित!' बाबूसिंग बाजेवरून उठून उभा राहिला. भिकाबाई म्हणली, 'काय झालं?' म्हणला, 'काही न्हाई, मुंगी चावली.'

आन मग त्याच्या डोक्यात न्यायनिवाडा सुरू झाला, कारभारीच ना शेवटी! म्हणला, आपण बोललो पहिल्यासाठी. डोळे उघडले दुसऱ्यानं. मग बोकड लागू कसं? लागू न्हाई! एकदम हलका झाला. कारण बोकडाचं दुःख नव्हतं हो त्याला, बोकडं त्याच्या घरी चार हायत. दुःख दुसरंच. आमच्या तांड्यात नवसाचं बोकड गुपचूप देता येत न्हाई. सारा तांडा देवळापुढं जमतो, नायक मोठ्यानं इचारतो, 'कुणासाठी बोलला व्हतास?' आन नवसवाल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव घ्यायचं. मगच बोकड, मगच घरोघर वाटा. आता हा कुणाचं नाव घेणार? अभिजित इनामदार? ज्या बायांचा टीवी वढ्यात टाकायला निघाला व्हता, त्या बायांच्या पुढं?

पुढच्या साली तो दुसरा अभिजित अमेरिकेला गेला आन तिकडून तिसराच आला. आईनं दारातच ओळखला! म्हणली, 'किती रे वाळलास!' वाळला? अवो त्याचं पोट सदऱ्यात मावून राहिलं नव्हतं! बायको म्हणली तुमीच ते, भाऊ म्हणला तूच तो, गड्यानं बॅग उचलली. साऱ्या घरानं ओळखला, एकट्या बाबूसिंगला काही तो ओळखू येईना. त्या पोराचं बरं, त्याला तोंड बदलता येतं. बाबूसिंगला एकच तोंड, ते त्यानं कुटं लपवावं?

आन देवी काय असले हिशोब ऐकती व्हय? मोटर जळाली. भरून आणली, फिरून जळाली. म्हैस गाभडली. हळद शिजवायची कढई ऐन टायमाला चिरली. भिकाबाई एक दिवस भाकरी वाढता वाढता म्हणली, 'अवो, देवीचं काही बोलून ठिवलंय का तुमी?' ह्यो मान खाली घालून म्हणला, 'बोकड हाय एक.' ती म्हणली, 'कुणासाठी?' हा पाणी पीत राहिला, तांब्या सरला तरी पीतच राहिला. तिनं मंगळवार ठरवून टाकला.

मंगळवारी सारा तांडा देवळापुढं. बोकडाच्या गळ्यात हार, कपाळाला कुंकू. बाबूसिंग नव्या धोतरात, आन घाम असा की धोतर पिळून घ्यावं. थावरा नायक पुढं आला, नायकाचा आवाज म्हंजे काय सांगू, इथं बोलला की नरसीला ऐकू जावं. म्हणला, 'कारभारी! बोला! कुणासाठी बोलला व्हता?' बाबूसिंगनं देवीकडं बघितलं. देवीपुढं खोटं कसं बोलावं, आन तांड्यापुढं खरं कसं बोलावं? बाया पदराआड कुजबुजायला लागल्या. नायक म्हणला, 'अवो बोला ना! घरचंच मानूस हाय ना, का परक्याचं हाय?' ह्यानं डोळे मिटले, म्हणला, 'अ... अ...'

आन मागून भिकाबाईचा आवाज आला, खणखणीत. 'विकाससाठी!'

सारे तिच्याकडं बघून राहिले. ती म्हणली, 'विकास दवाखान्यात सलाईनवर व्हता ना, तवा बोलले व्हते. लाजाळू मानूस हाय, सोताच्या तोंडानं सांगत न्हाई.' मग काय हो! नायकाचे डोळे भरले. म्हणला, 'बगा रे, बगा! वरून दगड, आन आतून बाप असा असतो!' म्हाताऱ्या बायांनी दृष्ट काढून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. 'व्हय व्हय, त्याच दिशी म्या ह्याला देवळात रडताना बघितला व्हता,' एक म्हातारी म्हणली, आन ते खरंच की! रडला तर व्हताच!

आन विकास. एवढा दांडगा पोरगा, गर्दीतून पुढं आला, बापाच्या पायावर डोकं ठिवलं. उठंना. म्हणला, 'बा, त्या दिशी तू उठून गेलास ना, म्या लई रागावलो व्हतो. मला वाटलं तुला माझं काही न्हाई. तू हितं आला व्हतास व्हय?' ह्यो 'आलो व्हतो,' म्हणला. खोटंबी नव्हतं ते! विकास रडून राहिला, नायक डोळे पुसून राहिला, तांडा वाहवा करून राहिला, आन बाबूसिंगला वाटून राहिलं, त्या बोकडाची जागा मला द्या. विकासनं मान वर केली, रडता रडता हसला, आन तुमाला सांगतो, त्याच्या गालाला खळी. ईस-बावीस वर्सं ती तिथंच व्हती. बापानं त्या दिशी बघितली.

जेवणं झाली. घरोघर वाटा गेला. बाबूसिंगच्या गळ्याखाली एक फोड उतरली न्हाई. घरी येऊन अंगणात बसला, भिकाबाई भांडे घासून राहिली व्हती. हळूच म्हणला, 'तुला कसं कळलं?' ती वर न बघता म्हणली, 'त्या दिशी डबा घेऊन येऊन राहिले व्हते. जीपमधून बघितलं, पुनमचंदच्या दुकानापुढं तुमी रडून राहिले. म्या म्हणलं, माझं लेकरू गेलं. तशीच पळत दवाखान्यात गेले. विकास बिस्कूट खाऊन राहिला व्हता.' दोन साल, दोन साल पोटात ठिवलं बाईनं! हे समदं तिनंच आमच्या घरी सांगितलं, न्हाई तर मला कुटून कळतं? तुमीच सांगा, बाबूसिंगनं तोंड कुटं लपवावं?

लपवायला गेलाच व्हता उपरण्यात, तर ती म्हणली, 'आज नाव विकासचं गेलं. त्या अभिजितचं बोकड अजून बाकीच हाय.'

'म्हंजे?'

'म्हंजे दुसरं पाळा. देवीला काय, तिला सारं ठाऊक हाय.'

'आन नायक इचारंल तवा नाव कुणाचं सांगायचं?'

'संगिताचं सांगू. तिच्यासाठीबी तुमी कदी काही बोलला न्हाईत.'

बाबूसिंग उठला, शेळ्यांत गेला, वाकून वाकून बघितलं, आन दोन बोकडं बाजूला बांधली. भिकाबाई म्हणली, 'दोन काहून?'

तिकडं तोंड करूनच म्हणला, 'तुझंबी राहिलंय.'