बोलत बोलत बावीस पायऱ्या

फिजिओ : काका, ते स्टूल खालीच ठेवा.

नवरा : असू दे हो. मध्येच बसावं लागलं तर? तिच्या फुप्फुसातलं प्रेशर वाढलेलं आहे, गंमत नाही.

फिजिओ : म्हणून तर तीन महिने सायकल, चालणं, सगळं डॉक्टरांना विचारून मोजूनमापून केलं. आज जिना.

बायको : आणि वर पोचले की सोमवारपासून माझं कटिंगचं टेबल. कारखान्यात लिफ्ट नाही, पायऱ्या एवढ्याच.

नवरा : पोचलीस तर.

फिजिओ : काकू, नियम तोच. बोलत बोलत चढायचं. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. चक्कर आली, छातीत दुखलं, तर लगेच सांगायचं.

बायको : बोलू काय?

फिजिओ : काकांबद्दल बोला.

नवरा : अहो मॅडम, जिना बावीसच पायऱ्यांचा आहे.

बायको : एक. लग्नात यांच्या दोन पायांत दोन वेगळे बूट होते. दोन. झोपेतसुद्धा मलाच सल्ले देतात. तीन. मी आजारी पडल्यापासून पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत. चार. मैत्रिणींना फोनवर सांगतात, ती झोपलीय. मी शेजारीच बसलेली असते.

(अशीच एकेका पायरीला एकेक तक्रार सांगत ती चढते. तेराव्या पायरीवर तिचा आवाज थांबतो.)

नवरा : अगं? बोल ना. मॅडम, ती गप्प झाली. बस, बस या स्टुलावर.

फिजिओ : थांबा काका. बोटावरचं यंत्र बघू. ऑक्सिजन त्र्याण्णव. काकू, काय होतंय?

बायको : काही नाही. तक्रारी संपल्या.

नवरा : तेराच?

बायको : मलाही जास्त वाटल्या होत्या.

फिजिओ : मग उरलेल्या नऊ पायऱ्या?

नवरा : चौदावी तक्रार मी देतो. तुझ्या सुपरवायझरला मी फोन केला होता. म्हटलं, ती काही आता येत नाही, दुसरी बघा.

बायको : कधी?

नवरा : गेल्या महिन्यात. भीती वाटली गं.

बायको : चौदा. मला न विचारता. पंधरा. वर महिनाभर तोंडातून शब्द नाही. सोळा...

फिजिओ : हळू काकू, रागात वेग वाढतोय.

बायको : सतरा. वीस वर्षं कापड कापलं मी तिथे.

फिजिओ : अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. टेका आता. एक्क्याण्णव, नव्वदच्या वरच आहे. पास झालात.

बायको : कशाला पास? टेबल तर गेलं.

नवरा : नाही गेलं. परवा परत फोन केला. सांगितलं, चूक माझी, ती सोमवारी येतेय.

बायको : परवा? जिना तर आज चढले मी.

नवरा : हो. तुझी कात्री पण धार लावून आणलीय.

बायको : कुठाय? द्या इकडे.

नवरा : खाली उतरलीस की देतो. जिन्यावर कात्री हातात नको.