गाजरं, कांदे, बटाटे

नेदरलँड्समधल्या लेउवार्डनच्या शुक्रवारच्या बाजारात भाजीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरलीने धाकटीच्या हातातली यादी वाचली.

"गाजरं, कांदे, बटाटे. म्हणजे हुत्स्पॉट करणार तू, येत्स्के?"

"बाबांसाठी. अर्धांगाचा झटका आल्यापासून चावता येत नाही ना त्यांना. सगळं एकत्र उकडते, लोणी घालून अगदी मऊ घोटते."

"आणि भरवतेस?"

"मग कोण भरवणार हिल्के, तू?"

"लहानपणी तू हेच ताटात टाकलंस की सकाळी तेच ताट, थंडगार, तुझ्यापुढे यायचं. ओकलीस तरी बाबा उठू द्यायचे नाहीत."

"आठवतंय मला."

"मग एकदा तूही थंडच दे की!"

"दिलं. मंगळवारी मुद्दाम निवू दिलं. चमचा तोंडाशी नेला, तर त्यांनी चांगला हात उचलून डोक्यावर धरला. त्यांना वाटलं, मी मारतेय."

"...मग?"

"मग गरम करून आणलं, फुंकर घातली. पण तोंडच उघडेनात. तेव्हापासून अन्नाला शिवले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आग्रह करू नका, फार दिवस नाहीत."

"अगं, मग ही भाजी कशाला घेतेस?"

येत्स्के पिशवी उघडू लागली. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला बाई, गाजरं किती देऊ?"

"नेहमीएवढीच द्या."