सरांचं कन्फ्युजन

आमच्या अहमदपूरच्या इंग्लिश स्पीकिंगच्या सरांएवढा आत्मविश्वास मला असता, तर मी इंग्रजी शिकायला गेलेच नसते. एकदा सर म्हणाले, "लिहून घ्या. कन्फ्युजन हा शब्द एका चिनी साधूच्या नावावरून आला. त्याचं बोलणं कुणालाच कळायचं न्हाई." आम्ही सगळ्या बायांनी मुकाट लिहून घेतलं.

माझ्या शेजारी रेहाना आपा बसायच्या. त्यांचं कपडे शिवायचं दुकान आहे. मुलीच्या शाळेत सभेला गेल्यावर चार वाक्यं बोलता यावीत, एवढ्यासाठी त्या यायच्या. त्यांनी मोबाईलवर शब्दकोश उघडला आणि हात वर केला. "सर, इथं तर लॅटिन लिहिलंय. एकात एक ओतून मिसळणं, असा मूळ अर्थ हाय म्हणे."

सरांनी खडू खाली ठेवला. "मावशी, तुम्ही ब्लाउज शिवा. शब्दांचं मी बघतो." आणि स्वतःच हसले.

आपांचा चेहरा लाल झाला. वही पिशवीत टाकून त्या उठल्या. मीही उठले, मग मागच्या चौघी उठल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आपांच्याच दुकानात शब्दकोश घेऊन बसायला लागलो. हळूहळू बाकीच्या बायाही तिकडंच आल्या.

पंधरा दिवसांनी सर दुकानाच्या पायरीवर उभे. लई गोड आवाजात म्हणाले, "आपा, त्या दिवशी जरा कन्फ्युजन झालं बघा."

आपांनी मशीन थांबवलीसुद्धा नाही. "न्हाई सर, त्याला कन्फ्युजन म्हणत न्हाईत. त्याला मराठीत उर्मटपणा म्हणतात."