शकुंतलेला काय व्हायचं होतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि शाळा समितीचे आधारस्तंभ माननीय यादोरावजी, मुख्याध्यापक हेमेंद्र सर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण भरल्या मनानं जमलो त्या आमच्या रीता बिसेन मॅडम, गुरुजन, माजी विद्यार्थी, आणि मागच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मायबहिणींनो! पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत, या, बसा. आज कोणी उठवणार नाही.

मी रुचिका. याच शाळेची विद्यार्थिनी, सध्या नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. थोडक्यात आटप, असं हेमेंद्र सरांनी मला दोनदा बजावलंय. पण सर, माईक हाती आला की आपल्या गावात कोण थोडक्यात आटपतं, सांगा?

आम्ही नववीत असताना मॅडम मराठी शिकवायला आल्या आणि पहिलाच निबंध दिला, 'माझे बाबा'. आम्ही झाडून सगळ्यांनी तो गाईडमधून उतरवला. वर्गातल्या एकूणएक पोरांचे बाबा सकाळी टाय लावून ऑफिसात जात होते आणि संध्याकाळी खाऊ घेऊन येत होते. गोवर्धनचेसुद्धा! मॅडमनी शांतपणे विचारलं, "गोवर्धन, मग काल धानाच्या बांधीत चिखल करून राहिले होते, ते कोण?"

गोवर्धन उठून म्हणाला, "तेच जी. पर निबंधात तसे बाबा चालतात का?"

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "तेच चालतात," म्हणाल्या.

त्या शनिवारपासून सकाळच्या शाळेचा शेवटचा तास आमचा झाला. मॅडम सांगायच्या, थोडंच लिहा, पण स्वतःचं लिहा, घरी बोलता तसं लिहा. दाखवायचं नसेल तर दाखवू नका. रोशननं लिहिलं, आवाज फुटल्यापासून मी भजनात नुसतं तोंड हलवतो. अंजूनं लिहिलं, घरी पोवारी, शाळेत मराठी, गोंदियाला मामाकडं हिंदी, मग मी एकटी असते तेव्हा कोणत्या भाषेत असते? एवढीशी पोर, आणि हा प्रश्न! तो तास मला फार आठवतो. पुढं इतके अर्ज भरले, मुलाखती दिल्या. तू कोण आहेस, असं तितक्या आस्थेनं पुन्हा कोणी विचारलं नाही.

आणि मी काय लिहिलं? 'मला आईसारखं व्हायचं नाही. आई पहाटे उठते, रोवणीला जाते, येऊन पुन्हा चुलीशी बसते. तिला कोणी काही विचारत नाही.' स्नेहसंमेलनात वाचशील का, असं मॅडमनी विचारलं. मी तोऱ्यात हो म्हटलं. आई कुठल्याच कार्यक्रमाला येत नसे, त्यामुळे मी निर्धास्त होते. स्टेजवर जाऊन बघते तर माझी आई, शकुंतला, ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत! आता माघार कशी घेणार? वाचलं. टाळ्या पडल्या. आईनंही वाजवल्या.

घरी जाताना मला रडू फुटलं. आई म्हणाली, "कायले रडून राहिली? खरंच त लिवलंस." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "मलेबी नोतं व्हाचं असं."

मग तुला काय व्हायचं होतं, आई? इथं बसलेल्या कोणालाही सुचेल असा प्रश्न. मला त्या वयात सुचला नाही. मोठी झाल्यावर सुचला, तर फोनवर दरवेळी दुसरंच निघायचं. धान किती झालं, जेवलीस का, सर्दी बरी आहे का. गेल्या दिवाळीनंतर, गावात मंडईची जत्रा भरते त्या आठवड्यात, आई गेली. आता दवाखान्यात म्हाताऱ्या बायांचा बीपी घेताना मी हळूच विचारते, मावशी, तुम्हाला काय व्हायचं होतं? आधी लाजतात, मग सांगतात. एकीला एसटीत कंडक्टर व्हायचं होतं. परक्या बायांचं मला ठाऊक आहे, माझ्या आईचं नाही.

मॅडम, आईच्या तेरवीला सौंदडच्या तुमच्या घराशेजारच्या बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, त्या संमेलनानंतर आई दर आठवडी बाजाराला तुमच्याकडं लाखोरीची भाजी घेऊन यायची, आणि दार लोटून तुम्ही दोघी कितीतरी वेळ बोलत बसायचात. मला हे माहीतच नव्हतं. भाजी द्यायला काही एवढा वेळ लागत नाही, मॅडम.

मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल समितीचे आणि सरांचे मनापासून आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला गेला असेल, वेळेचंही भान राहिलं नसेल, तर गावची लेक म्हणून पोटात घाला.

आता मॅडम सत्काराला उत्तर देतील. मॅडम, आम्हा विद्यार्थ्यांबद्दल एक शब्द बोलला नाहीत तरी चालेल. आईनं तुम्हाला सांगितलं असेल, तर तेवढं मला सांगा. आणि कोणाला सांगू नका असं तिनं म्हटलं असेल, तर सांगू नका. तिनं कुणाला तरी सांगितलं होतं, एवढंच सांगा.